मशीनचं कपाळ
काल झेंडूच्या वासात मशीनच्या तेलाचा वास मिसळला आणि सोलापुरातली माझी पहिली खंडेनवमी आठवली. मी नवी सून, सासरे गिरणीत फिटर आणि आमचे हे शाळेत विज्ञान शिकवणारे, पूजाअर्चेला हसणारे. शिलाई मशीनची पूजा माझ्याकडे आली, तेव्हा मी मोठ्या भक्तीनं दिसेल त्या भोकात चिमूट चिमूट कुंकू वाहिलं. दुपारी सासऱ्यांचा दसऱ्याचा सदरा शिवायला बसले, तर चाक जागचं हलेना. "पूजेचं फळ," हे खुशीत म्हणाले. मला रडूच आलं. सासऱ्यांनी मशीनला नमस्कार केला, घासलेट सोडून सुईनं तेलाची भोकं कोरून काढली आणि चाक गरगर फिरवून म्हणाले, "कुंकू कपाळाला लावत्यात की पोरी, नाकात भरत न्हाईत." मग ह्यांच्याकडे वळले, "आन् मास्तर, तेल कवा दिलं हुतं तुमी?" पुढच्या खंडेनवमीला ह्यांनी स्वतः तेल दिलं आणि माझं कुंकू लावून होईपर्यंत भोकांवर बोटं दाबून बसले. तेव्हापासून हे काम त्यांचंच. काल म्हटलं, आता म्हातारपणी हात तरी जोडा. तर म्हणाले, बोटं मोकळी कुठं आहेत.