दोनदा हरण्याची मुभा

जून महिन्यात आमचे क्रीडाशिक्षक सकाळी साडेसातला स्टाफरूममध्ये यायचे आणि माझा मोबाइल मागायचे. त्यांच्या मोबाइलवर चित्र अडकायचं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बेसबॉलची अजिंक्यपद स्पर्धा तेव्हा रंगात आलेली असायची. तिकडे रात्र, इकडे बुलढाण्यात खिडकीबाहेर प्रवेशअर्जांची रांग. त्या एका हंगामात मीही आठ-दहा सकाळी त्यांच्या शेजारी बसून ती पाहिली. मी मराठीचा प्राध्यापक, त्यामुळे बेसबॉल मला कळावा अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. धातूच्या बॅटवर चेंडू बसला की टण्‌ असा आवाज व्हायचा आणि कपाटापाशी डुलक्या काढणारे आमचे बाबू दचकायचे. मला भावली ती एकच गोष्ट. हजारो माणसं जमूनही खेळाआधी कोणी कोणाला हार घालत नव्हतं.

क्रीडाशिक्षकांना मात्र तिथला नियम भावला होता.

"पाहा सर, हे काल हारले. आज पुन्हा खेळून राह्यले."

"असं कसं?"

"एकदा हारलं त चालते. दुसऱ्यांदा हारले की घरी. आपल्याकडं असं काऊन नसन?"

"आपल्याकडे एकदा हरलेल्याला घरी पाठवायचीच लोकांना घाई असते," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात कोण होतं ते मला माहीत होतं. देऊळघाटहून एसटीनं येणारी एक मुलगी आमच्या मुलींच्या बेसबॉल संघात होती. भावांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळून तयार झालेली. लांबून चेंडू फेकायची तो थेट झेलणारीच्या हातमोज्यात. तिला विद्यापीठाच्या संघातून खेळायचं होतं, बाकी काही नको होतं. पण आधीची दोन्ही वर्षं आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला आणि निवड समितीनं तिला पाहिलं न पाहिलं असं झालं. आता तिचं शेवटचं वर्ष होतं.

त्या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्या मैदानावर भरली. चारच संघ होते. क्रीडाशिक्षक सरांनी चारही प्राचार्यांना पत्रं लिहून अमेरिकेचा नियम मंजूर करून घेतला. पहिला दिवस उद्‌घाटनात गेला. पाहुण्यांनी बेसबॉलची बॅट क्रिकेटसारखी जमिनीला टेकवून स्टान्स घेतला आणि छायाचित्रकार समाधानी होईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा सामना. शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं मागे होतो. देऊळघाटच्या मुलीनं चेंडू जोरात मारला आणि ती पहिल्या बेसच्या गादीकडे धावली, हातात बॅट घेऊनच. बेस हातभर राहिला असताना ती वाकली, बॅट लांबवून बेसवर टेकवली आणि दुसऱ्या धावेसाठी गर्रकन मागे वळली. गल्लीत तिनं शेकडो धावा अशाच काढल्या होत्या. बेसबॉलमध्ये पाय लागावा लागतो. समोरच्या संघातल्या मुलीनं चेंडू झेलून शांतपणे बेसवर पाय ठेवला. आमची शेवटची खेळाडू बाद झाली आणि आम्ही हरलो.

"तीन वर्षं झाले सांगून राह्यलो, बॅट फेकून पळ," सर म्हणाले.

"ध्यानातच नाही राह्यलं सर." ती रडली नाही. "दुपारी हाये ना अजून एक?"

होता. हरलेल्या दोन संघांचा सामना दोन वाजता होता. पण त्याच वेळी त्याच मैदानावर संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार ठरल्याचं प्राचार्यांना जेवताना आठवलं.

"हारलेल्यांचा सामना कोण पाहते हो? रद्द करा," ते म्हणाले.

निवड समितीच्या दोघांनी बॅगा गाडीत ठेवल्या. क्रीडाशिक्षक माझ्याकडे आले आणि हातातला सामन्यांचा तक्ता त्यांनी माझ्यापुढे धरला. मराठीच्या प्राध्यापकाला जन्मभर एक शिक्षा असते, सूत्रसंचालनाची. दोन वाजता माइक माझ्या हातात होता. दीपप्रज्वलनाच्या जागी मी म्हणालो, "अध्यक्ष महोदयांनी इच्छा व्यक्त केली आहे, की खेळाडूंना उन्हात ताटकळत ठेवून मी सत्कार स्वीकारणार नाही. आधी सामना होऊ द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांना स्वतःची ही इच्छा आत्ताच कळत होती. त्यांनी उठून सगळ्यांना नमस्कार केला. निवड समिती परत येऊन बसली. प्राचार्यांनी पुढचे चार दिवस माझ्याशी बोलणं टाळलं, ते मला सोयीचंच पडलं.

तिची पाळी आली. पहिला चेंडू हुकला, दुसरा टण्‌ करून दूर गेला. ती निघाली, पुन्हा बॅट हातातच.

"फेक! फेक वं पोरी!" सर ओरडले. त्यांच्यामागे अख्खा मांडव ओरडला, अध्यक्षांसकट. बॅट गुणलेखकाच्या टेबलाजवळ जाऊन पडली आणि तिचा पाय बेसवर पडला. त्या सामन्यात तिनं तीनदा असाच बेस गाठला. संघ मात्र दोन धावांनी हरला. नियमाप्रमाणे आता घरी.

नंतर सत्काराला उत्तर देताना अध्यक्ष दुसऱ्या संधीचं महत्त्व या विषयावर चाळीस मिनिटं बोलले.

आठवड्यानं विद्यापीठ संघाची यादी लागली. तिचं नाव सगळ्यात खाली, राखीव खेळाडूंमध्ये. ती संघाबरोबर परराज्यातल्या स्पर्धेला जाऊन आली आणि थेट स्टाफरूममध्ये शिरली.

"मंग? किती खेळले?" सरांनी विचारलं.

"दोन सामने. दोन्ही हारलो."

"अन्‌ तू?"

"बेंचवर. पण दोन्ही दिवस हेल्मेट घालूनच बसली होती सर. कवा आवाज देतीन, सांगता येते का?"

सरांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि ते म्हणाले, "बस. पयल्यापासून सांग."