दुखवट्यातले हेडफोन

वडील गेले. त्या दिवशी काकांनी ट्रान्झिस्टर खुंटीवरून काढला आणि कपाटात ठेवला.

दुखवट्याच्या घरात वर्षभर गाणं लावायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. सोनईजवळच्या आमच्या घरात आईवडील संध्याकाळी रेडिओसमोर बसत, फारसं न बोलता. वडील गेल्यावरही आई त्याच वेळी त्याच जागी बसायची, रिकाम्या खुंटीखाली. तिच्या जेवणाकडे, झोपेकडे सगळ्यांचं लक्ष होतं. या बसण्याकडे कुणी पाहत नव्हतं.

मी नगरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. भिंगारच्या जुन्या बाजारात लष्करी भंगारातले हेडफोन मिळाले. रेडिओच्या भोकात बसेल अशी पिन त्यांना लावून घेतली. कानावरच्या रबराला कुणाचा तरी मळ चिकटलेला होता. घासून धुतलं, तरी घामाचा वास गेला नाही. ते आईच्या डोक्यावर चढवताना मला किळस आली. तिला आली नाही. मी कपाटातला ट्रान्झिस्टर काढून पिन लावली, तिनं वरून पदर ओढून घेतला आणि आमच्या घरात पुन्हा रेडिओ लागला, कुणाला न कळता.

रणगाड्यात हुकूम ऐकण्यासाठी केलेली ती वस्तू. बातम्या अगदी स्वच्छ यायच्या. नाट्यगीतातला गळा जवळ यायचा, पेटीही बरी लागायची. ख्याल लागला की तंबोरा डासासारखा गुणगुणायचा आणि डग्गा नाहीसाच व्हायचा. लावणीतली ढोलकी म्हणजे पत्र्याच्या डब्यात टाकलेली खडी.

"गवई येतो," आई म्हणाली, "पण तबलजी डावा हात घरीच ठेवून येतो."

वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली. तेवढं मला पुरे होतं. पण हे तिनं काकांच्या मुलालाही सांगितलं. तो मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा.

"काकी, ॲम्प्लिफायर जोडतो की. लई जोर हाय त्याच्यात."

"मला जोर कशाला रे? मी काय सभा घेतेय?"

तरी तो बॅटरी आणि ॲम्प्लिफायरची पेटी घेऊन आलाच. रेडिओवर तेव्हा लावणी चालू होती. त्यानं बटण फिरवलं. ढोलकीला अंग आलं नाही. हेडफोनच्या त्या चकत्यांच्या अंगात ते नव्हतंच. जे कर्कश होतं तेच दुप्पट झालं, पदराबाहेर आलं, खोलीभर पसरलं. काका दारात उभे होते.

"दादाला जाऊन वरीस न्हाई झालं, अन् वहिनीच्या कानात ढोलकी!"

"मी नुसतं तपासत हुतो, आबा," मुलगा वायरी गुंडाळत म्हणाला.

आईनं हेडफोन उतरवून पदराखाली घेतले. काकांनी ट्रान्झिस्टर उचलून आपल्या घरी नेला. पुढं संध्याकाळी गल्लीतून जाताना तो त्यांच्या ओट्यावर वाजताना मी ऐकला. त्यांच्या घरात रीत नव्हती बहुतेक.

वर्षश्राद्धाला तीच पेटी पुन्हा आली. काकांनी छपरावर कर्णा चढवला. सकाळपासून भजनाच्या तबकड्या, मग सिनेमाच्या चाली. पंगती बसल्यावर काका स्वतः माइकसमोर उभे राहिले. तोंडात तंबाखू. ते खाकरले, तेही गावभर गेलं. "आमचा दादा म्हंजी देवमानूस..." म्हणत रडले, आणि त्याच श्वासात, "ए, तिकडच्या पंगतीला बुंदी फिरवा!" वडील आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नव्हते. पत्रावळीवरून उठून मी आत गेलो.

आई खुंटीखाली बसली होती. डोक्यावर हेडफोन, पिन मांडीवर नुसतीच पडलेली.

मी एका बाजूचं रबर जरा उचललं. "काय ऐकतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. "यात बाहेरचं कमी येतं. ठेव ते तसंच."

संध्याकाळी काकांनी ट्रान्झिस्टर परत आणला. "आता लावा, वहिनी. आता कुनी नाव ठिवनार न्हाई." आईनं तो खुंटीला अडकवला. लावलेला मात्र मी पुन्हा कधी ऐकला नाही.

आता आई नाही. हेडफोन माझ्याकडे आहेत. रबर चिकट झालंय, त्याला खोबरेल तेलाचा वास येतो.