मोठ्या खिडक्यांची शाळा

मी हुशार आहे असं आमच्या गावानं ठरवून टाकलं, तेव्हा आमची शाळा अंधारात भरत होती.

गाव जानेफळपासून पायवाटेनं तासाभराचं. तिसरीपर्यंत आम्ही शिकलो ते एका मोठ्या शेतकऱ्याच्या कापूस भरायच्या खोलीत. कापसाला काही वाचायचं नसतं, त्यामुळे खोलीला एक दार आणि वर, हात पोचणार नाही असा, एक झरोका एवढंच होतं. मालकानं खोली फुकट दिलेली, तेव्हा कुणी कुरकुर करायचा प्रश्नच नव्हता. दिवाळीनंतर कापूस आला की मागची अर्धी खोली त्याची आणि पुढची अर्धी आमची. ढिगाला टेकून बसलेली मुलं दुपारी हमखास झोपत. डोकं दुखतं म्हणून कुणी ना कुणी घरी जाई, कुणी सारखे डोळे चोळी, चिमटे काढणाऱ्यांचं तर फावतच असे. पहिलीतली एक मुलगी रोज आल्या आल्या रडायला बसायची. गुरुजी या सगळ्याला आळस म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्याची खुर्ची दारात होती.

शिकवायची पद्धतही खोलीनंच ठरवली होती. दाराजवळच्या मुलांना पुस्तक दिसे. त्यांच्यातल्या एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पाढे, कविता, धडे, सगळं तोंडी. यात मी सगळ्यांच्या पुढे. माझा आवाज मोठा, पाठांतर पक्कं. पुस्तक मांडीवर ठेवून मी धडा घडाघडा म्हणत असे आणि पान नेमकं वेळेवर उलटत असे. बाबा मला पारावर नेऊन दिडकी-अडीचकीचे पाढे म्हणायला लावत. चार एकरांच्या माणसाला मिरवायला एवढंच होतं. माझी पोरगी मास्तरीण होईल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि मलाही ते खरं वाटायचं.

मग महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषद आली, आणि चौथीच्या वर्षी आम्हाला नवी शाळा मिळाली. गावाबाहेर, विहिरीच्या वाटेवर. दोन्ही अंगांना गज लावलेल्या मोठ्या खिडक्या, भिंतींना पांढराशुभ्र चुना. पहिल्या दिवशी आम्ही कपाळावर हात धरून बसलो. फळा दोन खिडक्यांच्या मधोमध लावला होता. त्याच्याकडे बघितलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि सकाळच्या उन्हात तो असा चमकायचा की त्यावरचं कुणालाच दिसेना. गुरुजींनी तो उतरवून आडव्या भिंतीला लावला, म्हणजे सकाळचं ऊन आमच्या डाव्या बाजूनं येऊ लागलं आणि लिहिताना हाताची सावली पाटीवर पडेना. मग त्यांनी कोळसा आणि वेलीच्या पानांचा रस लावून तो काळाभोर करून घेतला. महिनाभरात वर्गाचा नूर बदलला. दुपारी झोपणारे जागे राहू लागले. अक्षर सुधारलं. ती रडणारी मुलगी रडायची थांबली आणि इतकी बोलू लागली की तिला गप्प बसवावं लागे. ज्यांना आम्ही ढ म्हणत होतो ते फळ्यावरची गणितं आमच्याआधी सोडवू लागले.

मी मात्र बुडाले. आता गुरुजी एकेकाला उभं करून फळ्यावरचं वाचायला सांगत, आणि फळा म्हणजे मला एक काळा चौकोन होता. त्यावर काहीतरी पांढुरकं. अंधारात कुणालाच दिसत नव्हतं, तेव्हा मला दिसत नाही हे मलाही कळायचं कारण नव्हतं. सगळ्यांना तसंच दिसतं असं मी धरून चालले होते. पुस्तकाचं म्हणाल तर ते मी कधी वाचलंच नव्हतं, नुसतं म्हटलं होतं. आता अक्षर लावून वाचायची वेळ आली. उंच म्हणून मला मागच्या भिंतीशी बसवलेलं. मी उभी राही, आणि वर्ग हसायची वाट बघत असे. सहामाहीत मी नापास झाले. मला फार लाज वाटली आणि गुरुजींचा, त्या खिडक्यांचा भयंकर राग आला. जुनी खोली बरी होती, असं मी घरी बोलूनही दाखवलं.

बाबांना तो तडाखा माझ्यापेक्षा जास्त बसला. पारावर जाणं त्यांनी कमी केलं. एका संध्याकाळी गुरुजी घरी आले, ओसरीत बसले, आणि पोरीचं लक्ष उडालंय, मारूनही उपयोग होत नाही, असं त्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, मग बस झालं, उद्यापासून येईल आईसोबत शेतात निंदणाला. गुरुजींनी होकारार्थी मान हलवली. माझी शाळा संपली होती. मी खांबाशी उभी होते.

आई परक्या माणसासमोर बोलत नसे. त्या दिवशी ती दाराआडून बोलली.

"तिचं लक्ष नाई उडालं, गुरुजी. तिले दूरचं दिसतच नाई."

 मग तिनं सगळं सांगितलं. मी लहान असताना तिनं मला शेतात बाबांची भाकर द्यायला पाठवलं होतं, आणि मी ती शेजारच्या वावरातल्या माणसापुढे नेऊन ठेवली होती. तेव्हापासून तिला माहीत होतं. म्हणूनच तिनं मला शिकवलं होतं, की कुणाकडे जायचं तर आधी हाक मार आणि 'ओ' येईल तिकडे जा. सगळ्या आया मुलींना हे शिकवतात अशी माझी समजूत होती.

"मंग सांगतलं काऊन नाई वं?" बाबांनी विचारलं.

"चष्मेवाल्या पोरीले कोन करन?"

 आमच्या भागात तेव्हा चष्मा म्हणजे म्हातारपण नाही तर अधूपण. चष्मा लावलेली मुलगी कुणी पाहिली नव्हती, आणि पाहिली असती तर सून करून घेतली नसती. आईनं मला आंधळं ठेवलं ते माझं घर बसावं म्हणून. पुढे अनेक वर्षं मी तिच्यावर रागावून पाहिलं, पण तो राग टिकला नाही.

तोडगा गुरुजींनी काढला. ते म्हणाले, चष्मा आणा, पण तो शाळेत राहील, माझ्या कपाटात. शाळा भरली की लावायचा, सुटली की काढून ठेवायचा. पोरांना मी दम देऊन ठेवतो, गावात कुणाला कळायचं कारण नाही. आईला हे पटलं. मेहकरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन चष्मा करून आणला. स्टँडवर मी लांबून एका एसटीची पाटी वाचली, 'बुलडाणा', आणि आईनं लगेच चष्मा काढून घेऊन कमरेला खोचला, कारण आमच्या गाडीत गावचं कुणी असलं तर.

त्यानंतरचे महिने मी दोन जगांत राहिले. शाळेत फळा होता, अक्षरं होती, गुरुजींच्या शर्टाची उसवलेली शिवण होती. खिडकीबाहेर घागरी घेऊन जाणाऱ्या बाया होत्या. त्यांत कधी आईही असायची, आणि ती इकडे न बघता निघून जायची. पाच वाजता चष्मा कपाटात गेला की हे सगळं पुसलं जाई आणि मी पुन्हा हाका मारत घरी जाई. रविवार मला नकोसा वाटायचा. मी अधाशासारखी वाचायला शिकले. आधी पाठ असलेले धडे वाचले, तेव्हा ते नव्यानंच भेटले.

निकालाच्या दिवशी मी पास झाले, आणि तिथेच पंचाईत झाली. गावची शाळा चौथीपर्यंतच. पाचवी जानेफळला, म्हणजे रोज भर रस्त्यानं जायचं, शंभर लोकांसमोर. तिथे कपाट कुठलं? बाबा म्हणाले, तुझी आई म्हणेल तसं. गुरुजींनी निरोप धाडून आईला बोलावलं. ती पहिल्यांदाच शाळेच्या पायरीवर आली, आत काही आली नाही. गुरुजींनी चष्म्याची डबी तिच्या हातावर ठेवली. ती डबी आता कमरेला खोचणार आणि मी घरी बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिनं डबी उघडली, चष्मा पदरानं पुसला आणि माझ्या नाकावर चढवला. 

मग तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही निघालो. बायांची वाट मागून, गोठ्यांच्या बाजूनं होती. आई पारावरून गेली. बाप्ये बसलेले, ओट्यांवर बाया निवडत-टिपत बसलेल्या. तिची मान ताठ होती, पण माझं मनगट तिनं दुखेपर्यंत आवळलेलं. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी बसायची, साऱ्या गावच्या सोयरिकी जुळवणारी. आई भीत होती ती हिलाच. तिच्यासमोर आई आपण होऊन थांबली.

"पोरीले चष्मा लागला, मावशी."

म्हातारीनं हातातलं सूप खाली ठेवलंसुद्धा नाही. "हाव, माहीत हाय. पान्याले जाता-येता खिडकीतून रोज दिसते. बायकाईले साऱ्याईले माहीत हाय."

"मंग कोनी बोललं काऊन नाई?"

"तू लपवून राह्यली होती," म्हातारी म्हणाली, "मंग आमी कायले बोलाव?"

आईनं माझं मनगट सोडलं. ती तिथेच, म्हातारीच्या ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. म्हातारीनं सूप तिच्याकडे सरकवलं. थोड्या वेळानं दोघी मिळून डाळ निवडू लागल्या.