मागचे घुंगरू

आर्णीत आमची दुकानं समोरासमोर होती. दोघंही फोटोग्राफर, कॅमेरेही एकाच जातीचे. गिऱ्हाइकं मात्र समोरच्याकडं. फोटो काढताना तो निर्जीव वस्तूशीही बोलायचा, "बस बाई, हलू नको." मला त्या बोलण्याचाही राग यायचा.

एकदा तांड्यावरची एक बाई केसांत बांधायची, घुंगरू लावलेली चांदीची घुगरी घेऊन आली. मोडून लेकींत वाटायच्या आधी तिला फोटो हवा होता. मी काढलेला पाहून म्हणाली, "भाऊ, मागचे घुंगरू तं धुक्यात गेले." आणि समोर गेली.

त्यानं भिंगामागचं छिद्र अगदी बारीक केलं. आता पुढचं-मागचं सारं स्पष्ट येणार, पण उजेड कमी, म्हणून वेळ लागणार. तेवढ्या वेळात रस्त्यानं बैलबंडी गेली तर टेबल हादरणार. त्यानं मलाच हाक मारली, "भाऊ, जराक रस्त्यावर उभे राहा न. बंड्या थांबवा, नाही तं सारं हलते."

मी हात पसरून उभा राहिलो. गाडीवानांच्या शिव्या मी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी फोटो त्यानं आधी माझ्या हातात दिला. बाई शेजारी डोळे पुसत होती. मी भिंग लावून एकेक घुंगरू तपासत राहिलो, एक तरी पुसट निघावा म्हणून.