पाडवा नसलेलं साल

"ए, पत्रावळ्या उचल की. बघत काय उभा राहिलायस?"

इस्लामपूरजवळच्या एका बंगल्याच्या अंगणात, भरल्या पंगतीत, हे मला म्हटलं गेलं. म्हणणारा माझा मालक. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणायचो. ऑस्ट्रेलियातल्या एका आडगावात त्याचं शेतीची अवजारं बनवायचं वर्कशॉप आहे. मी तिथं वेल्डर. त्यानंच मला स्पॉन्सर केलेलं. तो पोराच्या जावळासाठी गावी आला होता, मी रजेवर. जेवायला बोलावलंय म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून, वडिलांना, आप्पांना, घेऊन गेलो होतो.

एका पाहुण्यानं विचारलं, "कोण रं ह्यो?"

दादा म्हणाला, "आमचा सालगडी. बाप हितं राबायचा, ह्यो तिकडं राबतोय."

पंगत हसली. सहज हसली. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही.

मी जागचा हललो नाही. पण तोंडही उघडलं नाही. माझा व्हिसा त्याच्या हातात होता. ज्यानं बोलावलं त्याच्याकडेच काम करायचं, मोठ्या शहरात जायचं नाही, असा तो व्हिसा. काही वर्षं काढली की कायमचं राहता येतं, या आशेवर मी होतो. बायको आणि पोरगी त्याच आशेवर इथं दिवस काढत होत्या.

तेवढ्यात आप्पा उठले. पत्रावळीतला घास तसाच टाकून.

"ऱ्हाऊ द्या दादा. त्याला सवय न्हाई. मी उचलतो."

आणि वाकून, जेवून उठलेल्यांचं खरकटं गोळा करायला लागले. त्यांचा गुडघा वाकत नाही, तरी वाकले. मी बघत राहिलो. बापानं माझा व्हिसा वाचवला आणि मी बघत राहिलो.

आमचं गाव जत तालुक्यात. प्यायला टँकरचं पाणी, पिकलं तर ज्वारी. पोटासाठी आप्पा इकडं वाळव्याकडं आले आणि दादाच्या ह्याच घरात सालानं राहिले. शेणघाण, धारा, उसाला पाणी. मला मात्र त्यांनी गोठ्याकडं फिरकू दिलं नाही. सांगलीला आयटीआयला घातलं. कुपवाडच्या कारखान्यांत मी आडवं पडून, डोक्याच्या वर हात धरून वेल्डिंगचे जोड मारायला शिकलो. व्हिसासाठी कामाची परीक्षा दिली, इंग्रजीची दिली. पहिल्यांदा नापास झालो, पुन्हा दिली. हे सगळं माझं होतं. तरी दादा त्याला उपकार म्हणायचा.

तिकडं गोऱ्यांसमोर तो माझ्या खांद्यावर हात टाकायचा. रविवारी घरी बोलावून गवत कापून घ्यायचा, गाड्या धुऊन घ्यायचा. "घरचाच हायस की तू." कुरकुर केली की, "कागद माझ्या सहीवर हाय, ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवत होतो.

पंगतीनंतर आम्ही जतची एसटी धरली. कवठेमहांकाळ मागं पडल्यावर आप्पा बोलले.

"तुझं साल कवा सुटतं?"

"आप्पा, ती नोकरी हाय. साल न्हाई."

"मग दुसऱ्याकडं जाता येतं?"

मी समजावून सांगितलं. सोडलं तर थोड्या मुदतीत दुसरा मालक शोधायचा. त्यानं पुन्हा सगळे कागद करायचे. न्हाई सापडला तर परत यायचं.

आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले,

"आमाला पाडवा तरी हुता रं. पाडव्याला साल सुटायचं. धन्याला तोंडावर सांगता यायचं, न्हाई ऱ्हात. तुला पाडवाच न्हाई."

खरं होतं. पाडव्याला मालक कापडं, वहाणा देऊन पुढचं साल ठरवायचा. पटलं नाही तर गडी उठून दुसऱ्याच्या दारात जायचा. आप्पा माझ्या शिक्षणापायी कधी उठले नाहीत. पण उठायची मुभा त्यांना होती. बाप अडाणी, मी परदेशातला कारागीर, आणि माझ्यापेक्षा तोच मोकळा होता. मी एसटीत तोंड फिरवून रडलो.

दुसऱ्या दिवशी परत त्या बंगल्यावर गेलो. दादा पोर्चमध्ये चहा पीत होता.

"दादा, मी तुमच्याकडं कामाला येणार न्हाई."

"डोकं फिरलंय का? व्हिसा जाईल."

"जाऊ दे."

"बापाला इचारलंस का?"

"त्यांनीच मला इचारलं."

त्याला ते कळलं नाही. एवढंच म्हणाला, "तुमच्या लोकांना उपकाराची जाणच न्हाई."

'तुमच्या लोकांना.' मनातलं ओठावर आलं शेवटी.

सध्या मी कुपवाडातच काम करतो. बायको माझ्याशी धड बोलत नाही. तिचं काय चुकलं? तिनं तिकडच्या घरासाठी पडदेसुद्धा निवडून ठेवले होते. तिकडच्या दोन वर्कशॉपना मी कळवलंय. एकानं नको म्हटलं, दुसऱ्याचं उत्तर नाही. मुदत संपत आलीय. फार वाईट वाटतं. पडल्या पडल्या वाटतं, चार पत्रावळ्या उचलल्या असत्या तर काय बिघडलं असतं. मग आप्पांची वाकलेली पाठ दिसते.

दादाला आता नवा वेल्डर हवाय. कुपवाडात विचारपूस सुरू आहे. काल एकजण माझ्याकडं आला. त्याची दोन लेकरं आहेत, हात चांगला आहे.

"माणूस कसा हाय?"

"बरा हाय," सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं.

मग मशीन बंद केली. त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. बाप वाकला तेसुद्धा सांगितलं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तो तरीही जाईल कदाचित. नडलेला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ह्यापुढं जो विचारील त्याला मी सांगणार. दादाचं नाव घेऊन, गाव घेऊन, चार माणसांत सांगणार. आणि दादा समोर उभा असेल तर त्याच्या देखत सांगणार.