किटलीला लागलेला साबण

गावातल्या दूध संकलन केंद्रावरून राधाकिशनची किटली परत आली, ती सगळ्या रांगेच्या डोळ्यांदेखत. केंद्रावरच्या त्रिंबकने दूध तपासून झाकण लावलं. म्हणाला, "साबण हाय दुधात. भेसळीत धरू का गपगुमान माघारी नेतो, बे?"

राधाकिशन तणतणत गोठ्यात आला. त्याची बायको वनमाला दुसरी किटली घासत होती. तिच्या हातांची सालं निघाली होती, पेरांना भेगा पडल्या होत्या.

"कावून घासतीस गं सारखी? लोकं मला चोर म्हणायलेत."

वनमाला घासतच राहिली. किटली स्वच्छ झालेली डोळ्यांना दिसायची, मनाला पटायचं नाही. साबण नीट निघायच्या आत पुन्हा साबणाचाच हात फिरायचा.

"देवऋषाला दाखव तिला," ओट्यावरून सासू चतुराबाई म्हणाली. "बाहेरचं हाय काहीतरी."

वनमालाने किटली आपटली.

"बाहेरचं न्हाई, आत्या, घरातलंच हाय. पाळी आली की धारंला बसू न्हाई, म्हशीचा पान्हा आटतो, हे तुमीच शिकिवलं. मी पाळलं. आता वरीस झालं, पाळीला धरबंध न्हाई. दोन-दोन म्हैने येत न्हाई, न् येती ती धार काढता काढता. मागं तसंच झालं, न् रेडकू मेलं. तुमी काय म्हणलात? कोण शिवलं गोठ्यात? तवापासून हात लावीन तिथं मला विटाळच दिसतो. झोप न्हाई, अंगाचा नुसता जाळ व्हतो."

"मला सांगायचं की," राधाकिशन पुटपुटला.

"सांगून? पहाटं हाक मारली तर कूस बदलता तुमी."

तालुक्याला, केजच्या डॉक्टरीणबाईंकडे ती स्वतःच निघाली. राधाकिशन मागोमाग गेला. बाई म्हणाल्या, "पाळी जायच्या काळात शरीरातली संप्रेरकं वरखाली होतात. काही जणींचं मन तेव्हा एकाच भीतीला धरून बसतं. हा आजार आहे, याला औषध आहे. मनाच्या डॉक्टरांनाही भेटा. किटली एकदा धुवायची आणि थांबायचं. जीव घाबरा होईल, होऊ द्या. आणि विटाळाने रेडकू मरत नाही."

ऐकून वनमालाला हायसं वाटलं नाही, संताप आला. वर्षभर ती स्वतःला पापी समजत होती आणि घराने तसं समजू दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने किटली एकदाच धुतली आणि म्हशीखाली बसली. चतुराबाई दारात आली.

"आज अडचण न्हाई न्हवं?"

"हाय. पहाटंच आली."

"राधाकिशन, उठीव तिला."

राधाकिशन जागचा हलला नाही. वनमालाची नळाकडे जायची ओढ सुटत नव्हती. तरी तिने शेवटच्या सडापर्यंत धार काढली आणि किटली नवऱ्यापुढे ठेवली.

"न्या. न् आजपासून सांजची धार तुमची. मला येतंय तसं तुमालाबी येईल."