दादाचे मासे आणि पांढरी बट

दादा गेल्याचं आमच्या थोरल्या भावानं, अण्णानंच फोनवर कळवलं. "आपला दादा गेला गं..." म्हणत ढसाढसा रडला. मला मात्र, खरं सांगते, अण्णाच्या हातातली काठीच दिसली.

दादा आमचा मधला भाऊ. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर आमच्या देवगाव रंगारीहून शहरात, औरंगपुऱ्यात शिकायला आला आणि पुढं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागला. आईही त्याच्याकडेच असायची. खोलीभर बरण्या, त्यांत गप्पी मासे. बापाच्या शेपटीवरचा केशरी ठिपका लेकाच्या शेपटीवर उतरतो; ओळखीच्या डॉक्टरकडच्या एक्स-रे मशीनखाली बापाला धरलं, तर पुढच्या पिढ्यांत तो ठिपका बिघडतो का, हे दादा वर्षानुवर्षं पाहत होता. येडंच होतं ते!

गावच्या विहिरीत डास फार, म्हणून कॉलेजच्या हौदातले साधे गप्पी त्यानं तिथं सोडले. वर्षभरानं थोरल्या अण्णाला मुलगी झाली, कपाळावर पांढरी बट घेऊन. झालं! किरणांचे मासे, त्याच विहिरीचं पाणी... गावभर बोभाटा. अण्णानं बाधलेली म्हणून वहिनीला लेकरासकट कायमचं माहेरी धाडायचं ठरवलं आणि आधी काठी घेऊन दादाकडे आला. मी तेव्हा तिथंच होते.

"इहिरीत इख सोडलंस, भाड्या!" म्हणत त्यानं बरण्या फोडल्या. काचांत तडफडणारे मासे त्याच्या वहाणांखाली चिरडले जात होते. दादा गुडघ्यांवर बसून रक्ताळल्या हातांनी त्यांना तांब्यात टाकत होता. "किरणातला एकबी मासा इहिरीत गेला नाय रे, अण्णा..." काठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अण्णानं पुन्हा काठी उगारली, डोक्यावर.

तेवढ्यात आई मध्ये घुसली. जन्मात न ढळलेला डोईवरचा पदर तिनं ओढला, जमिनीवरच्या पाण्यात भिजवला आणि कपाळावरचे केस खसाखसा पुसले. काजळी निघाली. खाली पांढरीशुभ्र बट! रोज काजळी फासून झाकलेली, आम्हां लेकरांनीही कधी न पाहिलेली.

"ही माझ्या आईची. तुझ्या लेकीला माझ्याकडून आली. हाण की मला! हाण!"

काठी गळून पडली. वहिनी नांदली, पोर वाढली. दादाचं मनगट मात्र वाकडंच राहिलं. त्यानं अण्णाला माफ केलं. मी केलेलं नाही, हेही खुशाल छापा, संपादक.

परवा औरंगपुऱ्याला दादाच्या खोलीवर गेले. तांब्यात वाचलेल्या माशांची पिलावळ अजून खिडकीतल्या बरणीत आहे. अण्णाची लेक, बट मोकळी सोडून, त्यांना खाणं घालत होती. अण्णा उंबऱ्याबाहेर उभा, वहाणा काढून, अनवाणी.

"आत या की, बाबा," ती म्हणाली.

तो जमिनीकडे बघत राहिला.

"नाय गं... पायाखाली येतील."